खाणीतला हिरा की प्रयोगशाळेतला? कार्बनच्या हिशोबात काय तपासायचं

तयार हिऱ्याच्या एका कॅरटमागे खाणीत १६० किलो कार्बन डायऑक्साइड, प्रयोगशाळेत ५११ किलो. हे बहुचर्चित आकडे ट्रूकॉस्ट या संशोधन संस्थेच्या २०१९ मधल्या अहवालातले, आणि तो अहवाल करून घेतला होता खाण कंपन्यांच्याच डायमंड प्रोड्यूसर्स असोसिएशनने. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे विक्रेते खाणीसाठी ५७ किलोचा आकडा सांगतात आणि स्वतःसाठी जवळपास शून्य. गंमत अशी की खाणवाल्यांनी स्वतःच्या माथी घेतलेला आकडा विरोधकांनी केलेल्या आरोपाच्या जवळजवळ तिप्पट आहे. अशा सरासऱ्यांवर निर्णय घेऊ नये. हिरा कुठल्या विजेवर निघाला किंवा वाढला, हे आधी विचारावं. बाकी बहुतेक फरक त्यातूनच येतो.

प्रयोगशाळेचा हिशोब

दोन पद्धती आहेत. एचपीएचटीमध्ये (उच्च दाब, उच्च तापमान) सुमारे ५ ते ६ गिगापास्कल दाब आणि १,३०० अंशांच्या वरचं तापमान लागतं. सीव्हीडीमध्ये (वायूतून थर जमवण्याची पद्धत) कमी दाबाखाली मिथेन आणि हायड्रोजनचा प्लाझ्मा करून हिऱ्याच्या पातळ चकतीवर, म्हणजे बियाण्यावर, थरावर थर चढवतात. रिअॅक्टर दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालतो.

समजा कच्च्या कॅरटमागे १०० युनिट वीज लागली. भारतीय ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो धरले तर ७० किलो झाले. पण पैलू पाडताना निम्म्याहून जास्त वजन जातं. हाती ४० टक्के उरलं, तर तयार कॅरटमागे १७५ किलो. तोच रिअॅक्टर जलविद्युतवर चालवला, तर हा आकडा सहा किलोच्या आसपास येतो. यंत्र तेच, हिरा तोच. म्हणून विक्रेत्याने आकडा दिला की पहिला प्रश्न: कच्च्या कॅरटचा की तयार कॅरटचा? अडीच पटींचा फरक इथेच लपतो.

दुसरी गळती वाया गेलेल्या मालाची. मध्येच वीज गेली तर थरात दोष राहतो, कडेला अनेक बारीक स्फटिकांचा निरुपयोगी थर वाढतो आणि तो लेसरने कापून टाकावा लागतो. टाकून दिलेल्या मालाची वीज हिशोबात धरली आहे का, हे विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. ‘आम्ही सोलरवर चालतो’ या वाक्याचंही तसंच. रिअॅक्टर रात्री थांबत नाही. रात्री तो ग्रिडचीच वीज खातो आणि वर्षाअखेरीस कागदावर वजावट होते.

खाणीचा हिशोब

खाणीत कार्बन मुख्यतः दोन वाटांनी जातो: डंपर-एक्सकॅव्हेटरचं डिझेल आणि प्रक्रिया, पंप, वायुवीजनाची वीज. कॅनडातली डायाविक खाण ग्रिडपासून तुटलेली. वर्षभराचं डिझेल हिवाळ्यात बर्फावरच्या रस्त्याने आणायचं. तिथे २०१२ मध्ये एकूण ९.२ मेगावॅटच्या चार पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पात्यांवर बर्फ धरू नये म्हणून गरम करण्याची सोय असलेल्या. २०२४ मध्ये ३.५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आला, पण तोवर खाणीचं उत्पादन संपत आलं होतं. त्याचा मोठा उपयोग खाण बंद करण्याच्या कामाला.

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हेनेशिया खाणीचा खुला खड्डा २०२२ च्या अखेरीस थांबला आणि काम जमिनीखाली गेलं. अशा बदलात डंपरचं डिझेल कमी होतं, पण पंखे, पंप आणि लिफ्टची वीज वाढते, आणि तिथल्या ग्रिडची वीज प्रामुख्याने कोळशाची. म्हणजे स्कोप १ (स्वतः जाळलेल्या इंधनासारखं थेट उत्सर्जन) घटला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन) बघावा. रशियाच्या अलरोसा या खाण कंपनीला याकुतियात विल्युई नदीची जलविद्युत मिळते, कार्बनच्या दृष्टीने फायद्याची. पण २०२४ पासून जी-७ देशांत रशियन हिऱ्यांना बंदी आहे.

‘प्रति कॅरट’ हे मापही फसवं. बोट्स्वानाच्या ज्वानेंग खाणीत टनभर खडकामागे कॅरटभराहून जास्त हिरा मिळतो, लेसोथोच्या लेत्सेंगमध्ये शंभर टनांमागे दोन कॅरटही नाही, म्हणजे कॅरटमागे कितीतरी जास्त खडक फोडावा लागतो. लेत्सेंगची मात्र ख्याती मोठ्या आणि महागड्या हिऱ्यांची: २०१८ मध्ये तिथे ९१० कॅरटचा एकच खडा निघाला.

कंपन्यांची वचनं

डी बिअर्स या हिरे कंपनीने २०२० मध्ये २०३० पर्यंत ‘कार्बन न्यूट्रल’ होण्याचं जाहीर केलं. पुढे सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या कंपन्यांची हवामान-उद्दिष्टं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घेतलेलं उद्दिष्ट आलं: २०२१ च्या तुलनेत २०३० पर्यंत स्कोप १ व २ मध्ये ४२ टक्के घट. दुसरं जास्त वजनदार, कारण त्यात विकत घेतलेली कार्बन क्रेडिट्स (दुसरीकडे टाळलेल्या उत्सर्जनाची कागदी वजावट) धरता येत नाहीत. तरी एक मेख आहे. कंपनीचं उत्पादन २०२३ मध्ये ३१.९ दशलक्ष कॅरट होतं, २०२४ मध्ये २४.७. मागणी पडली की एकूण उत्सर्जन आपोआप उतरतं, पण पंप आणि पंखे चालूच राहतात, म्हणून प्रति कॅरट आकडा चढू शकतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत. शिवाय अँग्लो अमेरिकन या मालक कंपनीने मे २०२४ मध्ये डी बिअर्सपासून वेगळं होण्याचं जाहीर केलं. नवा मालक ही उद्दिष्टं पाळेल का, हा प्रश्न रास्त आहे.

पेट्रा डायमंड्स या खाण कंपनीचं उद्दिष्ट २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३५ ते ४० टक्के घट. यश बहुतांशी सौर-पवन विजेचे करार होण्यावर. डायाविकची मालक कंपनी रिओ टिंटो हिचं २०३० पर्यंत ५० टक्के घटीचं वचन अख्ख्या समूहाचं आहे, लोखंड आणि अॅल्युमिनियमसकट. त्यावरून हिऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

किम्बरलाइटच्या (हिरे ज्यात सापडतात त्या खडकाच्या) भुकटीत हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरवण्याची कल्पना खरी आहे, रसायनशास्त्रही पक्कं. पण प्रक्रिया दाण्याच्या पृष्ठभागावरच चालते आणि सावकाश. तिच्या भरवशावर आज हिरा घेऊ नये.

‘कार्बन न्यूट्रल हिरा’ अशी पाटी दिसली तर क्रेडिट्सचा वाटा विचारा. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून केवळ क्रेडिट्सच्या जोरावर असा दावा करता येणार नाही.

मग घ्यायचं काय?

जलविद्युतवर वाढलेला आणि त्याची कागदपत्रं असलेला प्रयोगशाळेतला हिरा कार्बनमध्ये पुढे. कोळशाच्या ग्रिडवरचा हिरा खाणीतल्यापेक्षा हलका असेलच असं नाही. खाणीचं नाव आणि तिचे स्कोप १ व २ चे आकडे समोर असतील तर निर्धास्तपणे खाणीतला घ्या. एससीएस-००७ हे हिऱ्यांच्या शाश्वततेचं मानक दोन्ही प्रकारांना लागू आहे, त्याचं प्रमाणपत्र असेल तर तुलना सोपी जाते. विक्रेता वीज कुठली तेच सांगू शकत नसेल, तर त्याच्या आकड्याला काही किंमत देऊ नका.

अंगठीच घेत असाल तर सोनंही मोजा. नव्याने काढलेल्या सोन्याच्या किलोमागे सुमारे ३० टन उत्सर्जन होतं, म्हणजे चार ग्रॅमला १२० किलो. अर्ध्या कॅरटच्या हिऱ्यावर डोकं खपवण्याआधी जुनं सोनं वितळवून घेतलं, तर त्यातलं बहुतेक वाचतं.