लंगडून उठणाऱ्या घोड्याची नाल काढावी का ठेवावी, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा अनुभव धरून तुलना

घोडा लंगडून बरा व्हायला लागला की सल्ला द्यायला सगळं गाव येतं आणि सल्ले दोनच असतात, एकजण म्हणतो चांगली जाड नाल मारून घे, पायाला आधार मिळेल, दुसरा म्हणतो नालच काढून टाक, मोकळा सोड. मी हे दोन्ही एकाच घोडीवर करून बघितलंय, पुढच्या डाव्या पायाचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुखावलं होतं तिचं, म्हणून जे कोण आत्ता याच विचारात अडकलेत त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडतोय. माझं मत आधीच सांगतो, टेंडन किंवा टाचेचं दुखणं असेल, तुमच्याकडे आठ-दहा महिने असतील आणि रोज पाय उचलून बघायची तयारी असेल तर नाल काढा. यातलं एक जरी नसेल तर थांबा.

सगळ्यात पहिलं म्हणजे नेमकं काय दुखावलंय ते कळल्याशिवाय हा विषयच काढू नका. घोडा दुडकी चालवून बघा, पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. कडक रस्त्यावर जास्त लंगडत असेल तर संशय बहुतेक खुरातच, मऊ नांगरटीत जास्त लंगडत असेल तर टेंडन नाहीतर लिगामेंटकडे (हाडाला हाड जोडणारा पट्टा) बघायचं, अर्थात हा नुसता अंदाज, खरं एक्सरे आणि सोनोग्राफीतच कळतं. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारपूस करा, नाहीतर घोड्यांचं काम करणारा डॉक्टर शोधा. कारण खुरातलं हाड मोडलं असेल तर तिथे नालच पाहिजे, मागून बंद असलेली बार नाल, तिच्यामुळे खूर फाकत नाही आणि हाड जुळायला वेळ मिळतो. खुराच्या भिंतीला वरपासून उभी चीर गेली असेल तरी बहुतेक वेळा नालच लागते. अशा घोड्याची नाल कुणाचं ऐकून काढलीत तर जनावराचे हाल होतील.

टेंडनचं मात्र वेगळं आहे. नाल मारली की खूर झिजत नाही पण वाढायचं थांबत नाही, महिन्याला साधारण ८ ते १० मिलीमीटर वाढतं, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येईपर्यंत पुढचं टोक चांगलंच पुढे आलेलं असतं. टोक लांब झालं की पाऊल उचलायला उशीर होतो आणि मागच्या बाजूला ताण वाढतो, म्हणजे जे बरं करायचंय त्यालाच आपण रोज ओढत बसतो. नाल नसेल तर दर दोन आठवड्यांनी कानस घेऊन टोक मागे आणता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय मोकळं खूर टेकताना टाच थोडी फाकते आणि तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोणी भाग, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो जमिनीला लागतो, त्याने दणका जिरतो आणि रक्त खेळतं. लोखंडी नालेवर दणका तसाच वर जातो, आणि पायाच्या टोकाला पाव किलोच्या आसपास वजन लटकतं ते वेगळं.

नालेच्या बाजूने पण बोललं पाहिजे, कारण तिचाही उपयोग मी बघितलाय. ज्या दिवशी मारली त्या दिवसापासून घोडी खडीवर पाय टाकायला घाबरत नव्हती, आणि ज्यांचा घोडा डांबरी रस्त्यावर पोटापाण्याचं काम करतो, वरातीला जातो, टांग्याला जुंपतो, त्यांना आठ महिने घरी बांधून ठेवणं परवडत नाही हे मला कळतं. चांगला नालबंद असेल, सहा आठवड्यांच्या वर जाऊ देत नसेल, तर नालेवर घोडे बरे होतात. पण चांगला नालबंद आणायचा कुठून? पाचगणी-महाबळेश्वरला घोडेवाले आहेत म्हणून तिकडे माणूस सापडतो, आमच्या कोरेगाव-खटावकडे बोलवून आणावा लागतो आणि तो त्याच्या सवडीने येतो. मग आपण काय करतो, बैलांना पत्री मारणाऱ्याला बोलावतो. त्याच्या कामात तो पक्का असतो, पण बैलाचं खूर दुभंगलेलं, त्याला दोन पत्र्या लागतात, घोड्याचं एकसंध, आणि त्यात पांढऱ्या रेघेच्या, म्हणजे भिंत आणि तळवा जुळतात तिथल्या रेघेच्या, आत खिळा गेला की संपलंच.

आमच्याकडे तेच झालं. जुलैत चिखलात नाल निघाली ती भिंतीचा तुकडा घेऊनच निघाली, घाईत एकाला बोलावून परत मारली, चौथ्या दिवशी घोडी पाय टेकेना. खूर हाताला गरम लागत होतं आणि खुरावरच्या सांध्यामागे बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती, इतर वेळी ती शोधावी लागते. डॉक्टरांनी खिळा काढला तर पाठोपाठ काळा पातळ पू आला, वास अजून आठवतो. टेंडनचं तीन महिन्यांचं काम तिथेच थांबलं. (धनुर्वाताचं इंजेक्शन आधी दिलेलं होतं म्हणून वाचलो, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तुमच्या घोड्याचं राहिलं असेल तर नाल-बिल सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते द्या.)

तरी लगेच जुलैतच चारही पाय मोकळे केले नाहीत, आणि ते बरोबर केलं असं आज वाटतं. आपल्याकडे नाल कधी काढायची याला फार महत्त्व आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला ५०० च्या आसपास, त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. जावळी-वाईच्या वरच्या भागात पावसाळ्यात तळवा भिजून मऊ पडतो, फ्रॉग सडायला लागतो, आणि असा मऊ पाय नुकता मोकळा करून मुरमावर नेला की आत रक्त साकळतं. म्हसवड-दहिवडीकडे खूर कोरडं, टणक राहतं, तिकडे त्रास कमी, पण मे महिन्यात जमीन दगड झालेली असते. माझ्या मते दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात चांगला, चिखल वाळलेला असतो, रान अजून मऊ असतं, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत सात महिने मिळतात. आम्ही तेव्हाच काढली. धनगरांच्या वाड्याबरोबर बोजा घेऊन चालणारी भीमथडी तट्टं मी लहानपणापासून बघतोय, त्यांच्या पायात कधी नाल दिसली नाही, पण ती जन्मापासून तशीच चाललेली असतात, आपल्या वर्षानुवर्षं नालेवर असलेल्या घोड्याकडून पहिल्या आठवड्यात ती अपेक्षा धरू नका.

पहिले सहा आठवडे अवघड जातात हे सरळ सांगतो. आमच्या गेटपासून विहिरीपर्यंत मुरमाचा रस्ता आहे, नाल काढल्यावर घोडी त्यावरनं चालायचीच नाही, कडेच्या गवताच्या पट्टीवर चारही पाय बरोबर ठेवून बांधाबांधाने जायची. आण्णा म्हणाले, "अरे बरी झालेली परत लंगडी केलीस की." मला पण रात्री झोप नव्हती. फरक असा ओळखायचा, खड्यावर जपून चालते पण मऊ जागी पाऊल मोकळं पडतं तर तो तळव्याचा हळवेपणा, तो जातो. मऊ मातीत सुद्धा आखूड पावलं टाकते, मागच्या पायांवर भार देऊन उभी राहते, नाडी उडते, तर डॉक्टरांना फोन, वाट बघायची नाही. आणि हे सगळं पेनकिलर चालू असताना बघू नका, औषधाखाली घोडा चांगलाच चालतो आणि आपण फसतो.

हूफ बूट, म्हणजे खुरावर चढवायचे काढता-घालता येणारे बूट, मिळाले तर फार सोपं जातं, चालवताना घालायचे, गोठ्यात काढायचे, टाचेला घासलंय का बघायचं. आपल्याकडे मापाचे पटकन मिळत नाहीत, मी फोमचा जाड तुकडा खुराच्या आकारात कापून चिकटपट्टीने गुंडाळायचो, एका फेरीपुरतं टिकायचं. गोठ्यापुढे नदीतली मटारएवढी गोल खडी पसरली, दहा बाय दहा फूट, तिच्यावर घोडी आपणहून जाऊन उभी राहायची. चालवणं डॉक्टरांनी सांगितलं तसंच, आधी हाताने धरून दहा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं वाढवत, टेंडनला नाल असो नसो नऊ ते बारा महिने लागतात, मोकळा पाय ते लवकर बरं करत नाही.

खाण्याकडे लक्ष नाही दिलं तर मोकळा पाय टिकणार नाही. नालेवर हे झाकलं जातं, उघड्या पायावर लगेच दिसतं. आपल्याकडे ऊस सगळीकडे, कारखाना चालू झाला की वाढ्यांबरोबर कांडी पण जातात, कौतुकाने गूळ जातो, वर गहू-हरभऱ्याची पाटी, आणि घोडा गोठ्यात उभा. एवढी साखर आणि स्टार्च खुराच्या आतली पकड सैल करते, लॅमिनायटिस होतो. मी गूळ आणि धान्य बंद केलं, ज्वारीचा कडबा आणि वाळलेलं गवत ठेवलं, डॉक्टरांना विचारून रोज २० मिलीग्रॅम बायोटिन (खुराच्या वाढीसाठी देतात ते जीवनसत्त्व) आणि मिनरल मिक्श्चर चालू केलं. बायोटिनचा फरक सहा महिन्यांच्या आत शोधू नका, ते फक्त नव्याने वाढणाऱ्या खुरात दिसतं.

खर्चात म्हणाल तर नालेचे पैसे वाचतात पण बूट, खडी, मिनरल यात तेवढेच जातात, वरनं तुमचा रोजचा अर्धा तास. माणूस ठेवून हे होत नाही, पहिले तीन महिने मालकाने स्वतः पाय हातात घ्यावे लागतात.

दिवाळीला नाल काढली, आता गणपती आलेत. केसांच्या कडेपासून नवीन भिंत वेगळ्या कोनात, घट्ट खाली येताना डिसेंबरमध्येच दिसत होती, टाच मेच्या आत पूर्ण बदलली, टोकाला शेवटचं बोटभर जुनं खूर अजून शिल्लक आहे. सोनोग्राफीत टेंडन चांगलं भरलंय, डॉक्टरांनी हलकी दुडकी चालवायला परवानगी दिलीय. आणि मार्चमध्ये एका सकाळी बादली घेऊन विहिरीकडे निघालो तर घोडी गवताची पट्टी सोडून मुरमाच्या मधोमध माझ्यामागे चालत आली.