जिओकॅशिंगसाठी फोन घेताय? आधी जागच्या जागी फिरून बघा

जाहिरातीत काय नव्हतं! ड्युअल बँड (उपग्रहांचे सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर पकडणारा) जीपीएस, डिजिटल कंपास, आत पाण्याचा थेंब जाणार नाही आणि वर 'अचूकता १ मीटर'. जिओकॅशिंगसाठी, म्हणजे कुणी लपवलेला डबा ('कॅश') निर्देशांकांवरून शोधायच्या खेळासाठी, वेगळा जीपीएस घ्यावा की दणकट फोन, हे माझं ठरत नव्हतं. विक्रेत्याने फोन गळ्यात मारला. उघड्या मैदानात चालून दाखवलं, तेव्हा पडद्यावरचा बाण अगदी बरोबर वळत होता.

गोम तिथेच होती. कंपासचा सेन्सर नसला तरी चालताना बाण वळतो, कारण तुमच्या हालचालीवरून जीपीएसला दिशा कळते. थांबलात की कळत नाही. आणि कॅश शोधताना शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत माणूस चालतो कुठे? ढोलीत बघू की दगडाच्या फटीत, असं करत घुटमळतो. नेमका तेव्हाच माझा बाण ठप्प. मी उभ्या जागी गिरकी घेतली, तर पडद्यावर तो तसूभरही हलला नाही. मी वळेन तिकडे कॅश!

मग 'जीपीएसटेस्ट' हे ॲप टाकलं. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलचा बँड दिसतो. खरोखर ड्युअल बँड असेल, तर एल१ या नेहमीच्या बँडसोबत काही उपग्रहांचे एल५ किंवा ई५ए हे दुसरे बँडही दिसायला हवेत. माझ्याकडे एल५ औषधालाही नव्हता. सेन्सर दाखवणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे कंपासच्या सेन्सरचा, पत्ता नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये मात्र सगळं खोक्यावर छापल्याबरहुकूम. तिथले आकडे सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून हवे तसे दाखवता येतात. मेमरीचंही तेच निघालं; ऑफलाइन नकाशे भरत गेलो तशा आधीच्या फाइली खराब होऊ लागल्या.

त्या '१ मीटर'बद्दल थोडं. पडद्यावरचा अचूकतेचा आकडा म्हणजे यंत्राने स्वतःच बांधलेला अंदाज. दाट झाडीत तो वाढायला हवा; माझ्या फोनवर ढिम्म. कॅशचे निर्देशांक मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत देतात आणि अक्षांशात शेवटचा अंक एकाने बदलला की जागा साधारण १.८५ मीटर सरकते. त्यात डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक वेगळीच. एक मीटरची हमी देणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. माझा दुसऱ्या जातीचा होता.

तक्रार केली तर म्हणे, "कॅलिब्रेट करा, हवेत आठचा आकडा काढा." नसलेल्या सेन्सरचं कॅलिब्रेशन! मग "अपडेट येईल". परत करायची मुदत टळली आणि सूर बदलला: आतल्या पट्टीचा रंग बदललाय, फोन पाण्यात गेलाय, वॉरंटी बाद. पाण्याचं भय नाही म्हणून विकलेला फोन!

तेव्हा पैसे मोकळे करण्याआधी उभ्या जागी फिरून बाण बघा, ही दोन्ही ॲप्स चालवा आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. वेगळा जीपीएस घेतानाही कंपासचं विचाराच. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्समध्ये तो नाही, ३२एक्समध्ये आहे; पण तिथे कंपनी तसं स्पष्ट लिहिते. माझ्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. फोनचं नाव तेवढं बदललंय.