चाखवली जव्रे, खोक्यात निघाली साधी बूर्गोन्य

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशात बोन गावाच्या जुन्या भागात वाइन चाखायला देऊन विकणारी बरीच तळघरं आहेत. त्यांतल्या एकात आमची फसवणूक झाली. सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

विक्रेत्यानं आमच्यासमोर जव्रे-शांबेर्तँ या बर्गंडीतल्या गावाची २०१९ ची बाटली उघडली. पिनो न्वार द्राक्षाची, ‘व्हिलाज’ म्हणजे गावाच्या नावानं विकली जाणारी वाइन. काळ्या चेरीचा वास, आणि घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारी चव. सहा घेतल्या तर बाटली ३४ युरोंना. जव्रेच्या मानानं हा भाव कमी होता. साठा संपवायचाय, असं कारण त्यानं दिलं. खोकं खालून आलं ते चिकटपट्टीनं बंद केलेलं. हातानं लिहिलेल्या बिलावर एवढंच : ‘रेड, पिनो न्वार, ६’.

लियोंला घरी येऊन खोकं उघडलं. बाटल्या त्याच उत्पादकाच्या, लेबलवरचं चित्रही तेच. पण मधोमध नाव ‘बूर्गोन्य’, म्हणजे फ्रेंचमध्ये नुसतं बर्गंडी, आणि साल २०२१. ‘जव्रे-शांबेर्तँ’ होतं ते तळाशी, बारीक अक्षरांत, वाइन भरणाऱ्याच्या पत्त्यात!

म्हणजे दर्जाही बदलला आणि सालही. बर्गंडीत खालून वर चार पायऱ्या : प्रादेशिक, व्हिलाज, प्रीमिए क्रू, ग्राँ क्रू. नुसतं ‘बूर्गोन्य’ ही सगळ्यात खालची. तिची द्राक्षं जव्रेचीच असतील असं नाही. त्यात एप्रिल २०२१ च्या कडाक्याच्या थंडीनं कोवळे कोंब जाळले, पीक फार घटलं, आणि त्या सालच्या वाइन २०१९ च्या तुलनेत हलक्या आहेत. रंगावरून मात्र निवाडा करू नका, पिनो न्वार मुळातच फिकी असते.

फोन केला तर तोच गोडबोल्या माणूस म्हणाला, तुम्ही दोन्ही चाखल्या होत्या आणि हीच मागितलीत. चाखलेल्या बाटलीचा फोटो आमच्याकडे आहे. पण बिलावर ना गावाचं नाव, ना साल, त्यामुळे त्याला कशात पकडणार? १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क ऑनलाइन खरेदीला असतो, दुकानात उभं राहून घेतलेल्या मालाला नाही. मला संताप येतो तो यासाठी की ग्राँ क्रू आपल्या खिशाबाहेरची. बेताच्या पैशांत बर्गंडीची खरी ओळख व्हिलाजमध्येच होते, आणि नेमकी तिथेच ही लबाडी.

लेबलवर ‘आपेलास्यों’ (वाइनचं अधिकृत नाव) आणि ‘कोंत्रोले’ (नियंत्रित) किंवा ‘प्रोतेजे’ (संरक्षित) या शब्दांच्या मध्ये जे नाव असतं, तोच वाइनचा दर्जा. पत्ता, शेताचं नाव, उत्पादकाचं नाव, यांवर जाऊ नका. ‘कोतो बूर्गिन्यों’ हे दुसरं प्रादेशिक नाव लिहिलेलं असेल तर आत गामे द्राक्षही असू शकतं. खोकं दुकानातच उघडायला लावा, प्रत्येक बाटली फिरवून बघा, आणि बिलावर गाव, साल, उत्पादक तिन्ही लिहून घ्या. लिहायला कुरकुर केली तर सरळ निघा.

आणि जव्रेचाच हट्ट कशाला? मेर्क्युरे, जिव्री, सांतने, मार्साने इथल्या व्हिलाज वाइन पुष्कळ स्वस्त पडतात आणि मनापासून आवडाव्यात अशा असतात. उत्पादकाच्या दारात जाऊन घ्या, आधी फोन करून.

आम्ही फोटो आणि बिल जोडून ‘सिन्याल-कोंसो’ या सरकारी ग्राहक संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आहे. त्या भागात कुणाला असाच अनुभव आला असेल तर त्यांनीही नोंदवावी.