हलकी स्पोर्ट्स कार: एकदा पंचविशीत, आता पन्नाशीनंतर

पंचविशीत माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 होती, मियाटा म्हणतात ती, दोनच सीटची आणि उघडणाऱ्या कापडी टपाची. मग मधली बरीच वर्षं चार दारांच्या गाड्या आणि आता पन्नाशी उलटल्यावर चौथ्या पिढीची, म्हणजे एनडी, 2.0 लिटर, मॅन्युअल. काही महिने जवळपास रोज चालवून झाली, म्हणून आता लिहितोय.

सगळ्यात आधी विचारलं जातं ते चढण्या-उतरण्याचं. तर आत जाताना आधी बूड सीटवर टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत ओढायचे. बाहेर येताना टप उघडा असेल तर पुढच्या काचेच्या फ्रेमला धरून सरळ उभं राहता येतं, बंद असेल तर मान वाकवून आधी एक पाय बाहेर, मग दाराच्या खालच्या कडेवर हात रोवून उठायचं, आणि गुडघा दुखत असेल त्या दिवशी आजूबाजूला कोणी बघत नाहीये ना हेही बघायचं. लोटस एलिस या दुसऱ्या हलक्या स्पोर्ट्स कारचाही विचार केला होता, 1996 ची मूळ गाडी जेमतेम सव्वासातशे किलोची, काय वजन ठेवलंय! पण तिची बाजूची अ‍ॅल्युमिनियमची चौकट इतकी उंच नि रुंद आहे की त्यावरून पाय टाकायचा म्हणजे कसरतच, तो विषय तिथेच संपला.

1989 ची एमएक्स-5 साधारण साडेनऊशे किलोची होती. एवढ्या एअरबॅग्ज वगैरे भरूनसुद्धा एनडी अकराशेच्या आत आहे, मधल्या काळात माझं वजन याहून वाईट वाढलंय. तरुणपणी 1.6 इंजिन कमी वाटायचं, मोठा सायलेन्सर लाव, स्प्रिंग कापून गाडी खाली बसव असले उद्योग चालायचे. आता 2018 नंतरच्या 2.0 ला 184 पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आहेत आणि इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं, पण खरं सांगू का, मजा येते ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणात ब्रेक सोडून गाडी आत घेताना, आणि तेव्हा काटा लायसन्स जाईल इतक्या वर नसतोच. जड, ताकदवान गाडीत हीच गंमत यायला वेग फार लागतो. शिवाय टायर लहान मापाचे, 205/45 आर17, 1.5 लिटर इंजिनवालीला तर 195/50 आर16, म्हणजे टायरचा खर्चही अंगावर येत नाही.

टपाचं सुख मोठं. जुन्या गाडीत मागची काच प्लास्टिकची, टप दुमडायच्या आधी चेन उघडून ती खाली पाडायची नाहीतर तडा जायचा. एनडीत लॅच सोडून बसल्या जागेवरून एका हाताने टप मागे जातो. बंद करताना मात्र हात खांद्यामागे न्यावा लागतो, फ्रोझन शोल्डरवाल्यांनी सांभाळून.

रात्रीचा त्रास वेगळाच, आपण इतके खाली बसतो की मागच्या एसयूव्हीचे दिवे थेट आरशात, आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर विचारू नका. हायवेवर आवाजही भरपूर, टप बंद असला तरी, लांब फोन कॉल विसरा.

आणि मधली वर्षं? पहिलं मूल झालं तेव्हा जुनी विकली. सीट दोनच, त्यात बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर लावता येत नाही, नाही म्हणजे नाहीच. त्या वयात ही एकच गाडी म्हणून कोणी घेत असेल तर मी घेऊ नका म्हणेन. पंचविशीत इन्शुरन्स जड जातो, सामान कमी असतं, आता उलट. डिकी 130 लिटरची आहे, दोन मऊ बॅगा जातात, टणक सूटकेस नको.

तुम्ही उंच असाल तर 2018 च्या बदलानंतरचीच बघा, त्याआधी स्टिअरिंग फक्त वर-खाली व्हायचं, पुढे-मागे नाही. आणि ट्रायल घ्यायला गेलात की किल्ली मागायच्या आधी चार-पाच वेळा नुसतं आत बसा आणि बाहेर या, सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे.