छोटा हत्ती, साउंड आणि विमा: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

गाडी छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, धंदा साउंडचा, मुक्काम फलटण तालुका. गेल्या दसऱ्यानंतर जुनी पॉलिसी संपली तेव्हा कंपनी बदलली आणि सामानासाठी वेगळी पॉलिसी पहिल्यांदाच घेतली. तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतची सगळी लग्नसराई, मधली शिवजयंती, भीमजयंती, सगळं या दोन पॉलिस्यांवर काढलं. गाडीचा एक क्लेम झाला, सामानाचा एक. म्हणून आता लिहायला बसलो. कंपन्यांची नावं देत नाही, कारण या धंद्यात कंपनीपेक्षा पॉलिसीत काय लिहून घेतलंय त्यावर सगळं अवलंबून असतं.

आधी पैशाचं बोलू, कारण ग्रुपवर पहिला प्रश्न तोच येतो: "भाऊ, स्वस्तात कुठं होईल?" मालवाहू गाडीच्या प्रीमियमचे दोन तुकडे असतात. एक थर्ड पार्टी (टीपी), म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा, दुसरा ओडी, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवतच नाही, तो सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात, भाड्याने चालणारी आणि एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी असेल तर १६,०४९ रुपये. छोटा हत्ती असो नाहीतर टाटा ४०७, आकडा तोच. त्यामुळे "साठ-पासष्ट टक्के सूट देतो" असं कुणी म्हणालं की ती सूट फक्त ओडीवर, एवढं डोक्यात ठेवायचं. ओडीचे दर २००७ पासून मोकळे आहेत, तिथंच काय ती घासाघीस. माझं ओडी सूट धरून चार हजारांच्या आसपास बसलं. म्हणजे सगळी पळापळ केली ती एकवीस-बावीस हजारांतल्या चार हजारांसाठी.

आमचा एजंट जुना माणूस. तो सरळ म्हणाला, "टीपीत एक रुपया कमी होणार नाही. कुणी कमी करून दिला तर पॉलिसीचा क्यूआर स्कॅन करून बघा, आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतोय का ते बघा." आमच्या भागात टोलनाक्याजवळच्या टपरीवर अर्ध्या पैशात पॉलिसी छापून मिळायची, तिची आठवण ठेवून तो बोलत होता. विमा नसताना गाडी सापडली तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये, पण तो दंड म्हणजे काहीच नाही. मिरवणुकीत चाकाखाली माणूस आला तर दावा लाखांत जातो, आणि तो मालकाच्या घरादारावर येतो.

एक फायदा मात्र आपसूक मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. १६,०४९ वर हिशोब केला तर हजार-अकराशे वाचले. ओडीवर मात्र १८ टक्के तसाच. कोटेशनमध्ये जुना जीएसटी लावलेला दिसला तर विचारा.

आता खरी बचत कुठं होऊ शकते ते. दरपत्रकात मालवाहू गाड्यांचे दोन वर्ग आहेत: भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारी, आणि मालकाच्या धंद्याचाच माल नेणारी. दुसऱ्या वर्गाचा थर्ड पार्टी दर पहिल्याच्या साधारण निम्म्यावर येतो. साउंडवाला स्वतःचाच माल नेतो, म्हणजे कागदावर तो दुसऱ्या वर्गात बसायला हवा. मीही विचारलं. कंपनीने लेखी मागितलं की गाडीत फक्त स्वतःचा माल जाईल. पण आषाढ-श्रावणात सुपाऱ्या नसतात तेव्हा माझी गाडी डाळिंब, कांदा, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते भाडं मारते. चार महिने गाडी दारात उभी ठेवून हप्ता कुठून भरणार? त्यामुळे मी पहिल्याच वर्गात राहिलो. ज्याची गाडी वर्षभर खरोखर फक्त स्वतःचं साउंड नेते, त्याने मात्र हे विचारल्याशिवाय सही करू नये. बरेच एजंट स्वतःहून सांगत नाहीत.

नव्या पोरांना दुसराच मोह पडतो. पांढऱ्या पाटीची मारुती ईको घ्यायची, मागची सीट काढायची, दोन टॉप (वरचे स्पीकर), कंट्रोलर, लाइट टाकून हळदीच्या ऑर्डरी करायच्या. ईकोचं इंजिन ११९७ सीसी, म्हणजे खासगी कार म्हणून थर्ड पार्टी ३,४१६ रुपये. १६ हजारांपुढे हे फुकटच वाटतं. पण खासगी कारच्या पॉलिसीत वापराची अट छापलेली असते: व्यवसायासाठी वापर चालेल, पण नमुने सोडून मालाची वाहतूक चालणार नाही, भाड्याने तर नाहीच. आमच्या ओळखीतल्या एकाची अशी ईको लोणंद रस्त्यावर पलटी झाली. फोटोत मागे स्पीकर दिसत होते. गाडीचा क्लेम नामंजूर. असल्या प्रकरणात समोरच्या माणसाला भरपाई कंपनीला आधी द्यायला लावतात आणि मग ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते, हे त्याला वकिलाकडून कळलं. ईकोच घ्यायची असेल तर कार्गो मॉडेल आहे, ते मालवाहू म्हणूनच नोंदवून मिळतं.

आता क्लेमचं. जानेवारीत रात्री एका लग्नाहून परत येताना उसाच्या ट्रॉलीने डावी बाजू घासून काढली. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, भरलेला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सीझनमध्ये आमच्याकडे हे रोजचंच. ट्रॅक्टरवाला थांबला नाही. हेडलाइट फुटला, बंपर गेला, मडगार्ड दुमडलं, दरवाज्याला पोचा आणि रंग गेला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत (टीपी आणि ओडी एकत्र) दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू आणि रंगकाम धरलेलंच नसतं, गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळतं. हे हवं असेल तर आयएमटी २३ नावाची जोड घ्यावी लागते, ओडीच्या मूळ रकमेवर १५ टक्के जादा. माझ्या बाबतीत ते सूट धरून हजाराच्या आतच होतं. स्वस्त कोटेशन देणारा पहिल्यांदा हीच ओळ उडवतो. मी दोन कोटेशन शेजारी ठेवली तेव्हा सातशे-आठशेचा फरक निव्वळ याच ओळीचा निघाला. आणि आपल्या गाड्यांना मार कुठं बसतो? मंगल कार्यालयाची अरुंद गेट, गल्लीतले कोपरे, अंधारातल्या ट्रॉल्या. बंपर आणि दिवेच जातात.

क्लेम मोबाइलवरून टाकला. कंपनीने लिंक पाठवली, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायला लावला, चेसिस नंबर आणि किलोमीटर दाखवायला लावले. ५० हजारांच्या आतलं काम असल्याने परवानाधारक सर्व्हेअरची सक्ती नसते, पण तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस गॅरेजला येऊन गेला. बिल चौदा हजारांच्या घरात झालं, हातात साडेसात आले. कारण प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, बंपर आणि हेडलाइट दोन्ही प्लास्टिकचे. पत्रा आणि मजुरी बऱ्यापैकी मिळाली. पैसे यायला तीन आठवडे लागले, त्यात एक आठवडा आरसीची झेरॉक्स पुसट आहे म्हणून गेला.

गॅरेजवाला म्हणत होता, क्लेम टाकू नका, एनसीबी जाईल, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट. त्याने हिशोब केला नव्हता. एनसीबी फक्त ओडीवर मिळतो, १६ हजारांच्या थर्ड पार्टीशी त्याचा संबंध नाही. माझा २५ टक्के होता, म्हणजे वर्षाला हजार-बाराशेचा प्रश्न. शून्यावरून परत चढायला वेळ लागतो हे खरं, तरी साडेसात हजार सोडून देण्याएवढा तो मोठा नाही. पाच-सातशेचा आरसा फुटला तर गोष्ट वेगळी. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नवी केली नाही तर एनसीबी असाही जातो. सीझन संपल्यावर "गाडी उभीच आहे, नंतर करू" म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

पोरांचं सांगतो, कारण याच्यावर कुणी बोलत नाही. ड्रायव्हर आणि सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांसाठी पॉलिसीत माणशी ५० रुपयांची ओळ असते. पन्नास रुपये! तीही लोक कापतात. मी ड्रायव्हर आणि दोन हमाल असे तीन लिहून घेतले. पण हौद्यात बेसच्या (मोठ्या स्पीकरच्या) खोक्यांवर बसून येणारा करवला, नवरदेवाचे मित्र, मंडळाचे कार्यकर्ते यांना काहीही संरक्षण नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगून ठेवलंय. केबिनमध्ये जेवढ्यांची परवानगी तेवढेच, बाकी पोरं मोटरसायकलवर. वरातीत हे पाळणं कठीण असतं, नवरदेवाचा मामा ऐकत नाही, तरी मी गाडी बंद करतो.

लायसन्सची भीती मात्र सोडून द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो. फिटनेस मात्र चालू हवा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आणि जनरेटर बॉडीला वेल्ड करू नका, आरसीवर नोंद नसलेला बदल क्लेमच्या वेळी निघतो. मी जनसेट पट्ट्याने बांधून नेतो आणि उतरवतो, कंबर दुखते पण कागद स्वच्छ राहतो.

आता सामान. गाडीच्या विम्यात गाडीतला माल येत नाही. गाडीत कायमची बसवलेली इलेक्ट्रिक वस्तू किंमत सांगून वेगळा प्रीमियम भरून धरता येते, पण बेस, टॉप, ॲम्प्लिफायर, शार्पी लाइट हे सगळं कायद्याच्या नजरेत माल. माझी गाडी पावणेचार लाखांची धरलीय, हौद्यातलं सामान तिच्याहून महाग. म्हणून उपकरणांची वेगळी पॉलिसी घेतली, वाहतुकीतल्या नुकसानीसह.

ती घेतानाच घाम फुटला. कंपनीला प्रत्येक वस्तूचं बिल आणि सिरीयल नंबर हवा. ॲम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप यांचं ठीक. पण बेसचे खोके आमच्या सुताराने प्लायवूडमधून बनवलेले, आतले अठरा इंची स्पीकर अर्धे जुन्या साउंडवाल्याकडून घेतलेले. बिल कुठलं आणायचं? शेवटी स्पीकर खोलून मॅग्नेटवरच्या नंबरांचे फोटो काढले, ज्यांची बिलं होती तेवढेच धरले, खोके पूर्ण सोडून दिले. नवीन सामान घेणाऱ्यांनी दोन पैसे जादा गेले तरी जीएसटी बिल घ्या.

एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीयेच्या आसपास वळवाचा पाऊस आला. दहिवडीकडून येत होतो, वाऱ्याने ताडपत्री फाटली आणि दोन ॲम्प्लिफायर भिजले. एक वाळवून चालू झाला, एकाचा पॉवर सप्लाय गेला. कंपनीचं पहिलं म्हणणं, हा आतला विद्युत बिघाड आहे, तो वगळलेला आहे. मी फाटक्या ताडपत्रीचे त्याच रात्रीचे फोटो, रिपेअरवाल्याचं "पाणी गेल्याने जळाला" असं लेखी आणि उघडलेल्या बोर्डाचे फोटो दिले. दीड महिना मेल झाले. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाईन असं लिहिल्यावर, पुण्यातच ऑफिस आहे आणि फी लागत नाही, फाइल हलली. दुरुस्तीचे पैसे मिळाले, पण पहिले पाच हजार अटीप्रमाणे आपले, त्यामुळे हातात थोडेच आले. याच पॉलिसीत चोरीची अटही बघा: गाडी बंद आणि कुलूपबंद हवी. ताडपत्री टाकलेला हौदा त्यात बसत नाही. म्हणून रात्री कितीही उशीर झाला तरी सामान उतरवून शेडमध्ये ठेवतो, पोरं कुरकुर करतात.

गाडीच्या पॉलिसीला पाचापैकी चार देईन, दसऱ्याला तीच पुढे चालवणार. सामानाच्या पॉलिसीला अडीच. दुसऱ्या दोन कंपन्यांना यादी पाठवलीय, पहिली वजावट कमी आणि उघड्या हौद्याची अट सैल करणारी मिळाली तर बदलेन. गणपतीच्या आधी आणखी एक बघायचंय. गाडी उभी असताना साउंड-लाइटचं स्ट्रक्चर पडलं किंवा कुणाला शॉक लागला तर ते गाडीच्या विम्यात येईल असं धरून चालता येत नाही, त्याला सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी लागते. एका मंडळाने यंदा ती असेल तरच सुपारी देऊ म्हटलंय. कुणी साउंडवाल्याने घेतली असेल तर किती रकमेची घेतली आणि प्रीमियम किती पडला ते खाली लिहा.