डोळ्यातील इंजेक्शन : दादरच्या एका नेत्रालयातील अनुभव

मधुमेहामुळे सासूबाईंच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली असून दादरच्या एका खासगी नेत्रालयात त्यांचे इंजेक्शनचे उपचार सुरू आहेत. वैद्यकीय कामात नाव ठेवायला जागा नाही. कार्यालयीन कारभाराबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

डोळ्यात सुई या कल्पनेनेच माणूस गारठतो, पण प्रत्यक्ष टोचणे काही सेकंदांत उरकते. भूल केवळ थेंबांची असते. पोविडोन आयोडीन या जंतुनाशकाने डोळा स्वच्छ करून पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. सासूबाईंचा मोतीबिंदू आधीच काढलेला असल्यामुळे डॉक्टरांनी बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटर अंतर कॅलिपरने मोजले (नैसर्गिक भिंग शाबूत असते तर चार मोजले असते) आणि पांढऱ्या भागातून जेमतेम 0.05 मिलिलिटर औषध आत सोडले. औषधाच्या वेष्टनावरील बॅच क्रमांकाचे लेबल सिस्टरांनी आमच्यासमोर फाइलमध्ये चिकटवले, ही शिस्त मला विशेष आवडली.

औषधाची निवडही डॉक्टरांनी घाई न करता समजावली. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध. डोळ्यातल्या या मधुमेही सुजेसाठी त्याला अधिकृत मान्यता नसली तरी ते स्वस्त असल्याने जगभर वापरले जाते. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही खास डोळ्यासाठीची आणि महाग औषधे. पैकी रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची, तुलनेने स्वस्त आवृत्ती 2015 पासून मिळते. मधुमेही सुजेवर या तिन्ही औषधांची तुलना करणारा अमेरिकेतील अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी थोडीच कमी झालेल्यांत वर्षभराने तिन्हींचा गुण सारखाच दिसला, तर सुरुवातीलाच दृष्टी बरीच उणावलेल्यांत अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. सासूबाई पहिल्या गटातल्या.

एवढे ऐकून खाली खर्चाच्या अंदाजपत्रकासाठी गेलो, तर तेथील कर्मचाऱ्याने सर्वांत महागड्या औषधाचाच आकडा लिहून पुढे केला आणि ओसीटी तपासणीचे (डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचे) पैसे त्यात धरलेले नाहीत हे आम्ही विचारल्यावरच सांगितले. विम्याबाबत तर ‘डोळ्यातले इंजेक्शन मेडिक्लेममध्ये बसत नाही’ असे ठणकावून सांगण्यात आले. वास्तविक विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतील आधुनिक उपचारांच्या यादीत या इंजेक्शनचा स्पष्ट उल्लेख होता. कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात, तशी आमच्या पॉलिसीतही आहे. म्हणून आपली पॉलिसी स्वतः वाचूनच खिडकीपाशी जावे.

घरी जाताना हाती दिलेला सूचनांचा कागद निव्वळ इंग्रजीत होता. दादरमध्ये, मराठी वाचणाऱ्या सत्तरीतल्या बाईंना! त्यावरचा मजकूर महत्त्वाचा आहे : डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, पहिल्या दिवशी काळे बुडबुडे तरंगताना दिसणे किंवा पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग उमटणे यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र दुखणे व लाली वाढत गेली किंवा दिसणे कमी होऊ लागले तर आतील जंतुसंसर्गाची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. असा संसर्ग क्वचितच होतो, पण दृष्टी घालवू शकतो. मराठी कागदाची मागणी मी तक्रारवहीत लिहून आले आहे. उपचार तेथेच चालू ठेवणार आहोत. फक्त बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर पुढचे काही तास धूसर दिसत असल्याने रुग्णाला संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने नेऊ नये, सरळ टॅक्सी करावी.