हौशी टीव्ही रिपीटरसाठी घेतलेला मॉड्युलेटर: सेटिंग बदलल्यावर जीव आला

आमच्या रिपीटरच्या (हौशी रेडिओवाल्यांचं चित्र पकडून पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) २३ सेंटिमीटर बँडवरच्या (सुमारे १.३ गिगाहर्ट्झ) आउटपुटसाठी हा डीव्हीबी-एस२ मॉड्युलेटर घेतला. डीव्हीबी-एस२ ही उपग्रह टीव्हीची डिजिटल पद्धत; मॉड्युलेटर चित्र त्या सिग्नलमध्ये बदलतो. यंत्र उत्तम आहे, पण खोक्यातून आलं ते ४ मेगासिम्बॉल (सेकंदाला ४० लाख सिग्नल-चिन्हं) आणि ८/९ एफईसीवर. रिपीटरजवळ चित्र आरशासारखं, आणि माझ्यासारख्या टेकडीआडच्या माणसाला नुसते चौकोन! एफईसी म्हणजे चूक दुरुस्तीसाठी जोडलेला जादा डेटा; ८/९ म्हणजे त्यासाठी जेमतेम नववा हिस्सा. कमजोर सिग्नलला तो पुरत नाही.

मी २ मेगासिम्बॉल, क्यूपीएसके (एका चिन्हात दोन बिट) आणि एफईसी २/३ ठेवलं. सिम्बॉल रेट निम्मा केला की तेवढ्याच पॉवरमध्ये ३ डीबी (दुप्पट ताकदीइतका फायदा) पदरात पडतात. वाहून नेता येतात सेकंदाला सुमारे २.६ मेगाबिट. व्हिडिओ २.१ वर बांधला; आवाज आणि तक्त्यांना (बॉक्सला चॅनेल ओळखू देणारी माहिती) जागा हवीच. एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) समोरच्याच्या शर्टाच्या चौकडी स्वच्छ दिसतात. त्या रात्री चित्र तासभर अडखळलं नाही, फार आनंद झाला.

मेनू मात्र किचकट. रोल-ऑफ (सिग्नलच्या कडा किती पसरतात ते ठरवणारं सेटिंग) तिसऱ्या पानावर दडवलाय, तो ०.२० केल्यावर रुंदी २.४ मेगाहर्ट्झवर आली. अॅम्प्लिफायर पूर्ण दाबून चालवू नका, सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खांदे (शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडणारा सिग्नल) फुटतात. पॉवर थोडी उतरवताच ते बसले.

फक्त डीव्हीबी-एस (आधीची पद्धत) घेणारे जुने सेट-टॉप बॉक्स यावर चालणार नाहीत. ज्यांच्याकडे तेच आहेत, त्यांना आधी विचारा. आणि बॉक्सला अँटेना जोडताना डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देऊन डीसी वीज अडवणारा जोड) लावाच, एलएनबीसाठीचे (डिश अँटेनावरचा रिसीव्हर) १३ किंवा १८ व्होल्ट तिथून बाहेर येतात.